प्राइम टेलिफोटो घेऊन मुंबईतले पक्षी-प्राणी टिपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की दरवर्षी ओळखीतून विचारणा सुरू होते. कोणती लेन्स घेऊ, झूम की प्राइम, ४०० मिमी पुरेल का, पावसाळ्यात ती ठेवू कुठे? गेली चौदा वर्षं मी एकाच ४०० मिमी प्राइम टेलिफोटोवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, मुंबईत आणि आसपास फोटो काढतो आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्या अनुभवातून लिहिली आहेत.

प्राइम म्हणजे काय? झूम मिळत असताना ती का घ्यायची?

फोकल लेंग्थ म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा. प्राइमची फोकल लेंग्थ ठरलेली असते. ४०० म्हणजे ४००, ती मागेपुढे होत नाही. झूममध्ये भिंगांचे गट सरकवत वेगवेगळ्या फोकल लेंग्थ सांभाळाव्या लागतात, तर प्राइमची सगळी रचना एकाच फोकल लेंग्थसाठी बेतलेली असते. त्यामुळे ती सहसा हलकी असते, फोकस चटकन पकडते आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, पूर्ण उघडं ठेवूनही पिसांचा तपशील देते. कॅननची ईएफ ४०० मिमी एफ/५.६ (‘एफ’नंतरचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर मोठं) ही १९९३ सालची लेन्स १२५० ग्रॅमची आहे. १५०-६०० च्या झूम दोन किलोच्या आसपास जातात. पहाटे पाचपासून अकरापर्यंत गळ्यात वागवायची असेल तर हे पाऊण किलो फार मोठं असतं.

माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. झूम हातात असली की पक्षी दिसताक्षणी बोटं रिंगकडे जातात. प्राइमवर ती सोय नसते, म्हणून नजर आधी अंतर मोजते. किती लांब आहे, कुठे सरकेल, मी इथेच बसून राहिलो तर तो जवळ येईल का? दोन-तीन महिन्यांत ही सवय अंगात मुरते आणि पक्ष्याचं वागणं दिसायला लागतं.

ताडोब्यासारख्या ठिकाणी जिप्सीतून उतरता येत नाही आणि वाघ कधी शंभर मीटरवर असतो, कधी दहावर. वर्षातून दोनदा तिकडेच जाणार असाल आणि मुंबईत फारसे फोटो काढणार नसाल, तर सरळ झूम घ्या.

३००, ४००, ५०० की ६००?

एक सोपा हिशेब पाठ करून ठेवा. सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची, रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंग्थ. उत्तर येतं ते फ्रेममध्ये मावणाऱ्या दृश्याची रुंदी. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. समोर वीस मीटरवर तारेवर खंड्या बसला आहे. ४०० ला फ्रेमची रुंदी १.८ मीटर येते, ६०० ला १.२ मीटर आणि ३०० ला २.४ मीटर. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटीमीटर. म्हणजे ४०० ला तो फ्रेमच्या सहाव्या हिश्शाएवढा दिसेल आणि ६०० ला पाव हिश्शाच्या जरा आत. तांबट घेतला तर तो जेमतेम १७ सेंटीमीटर, त्याच्यासाठी वीस मीटर लांबच पडतात. उलट मोठा रोहित सव्वा मीटरहून उंच. तो साठ मीटरवर चिखलात उभा असला तरी ४०० उभी धरून त्याचा चांगला फोटो होतो.

मुंबईसाठी माझं मत ४०० च्या बाजूने आहे. इथले पक्षी माणसांना सरावलेले असतात. वंचक, खंड्या, वेडा राघू, घारी, शिक्रासुद्धा जंगलातल्या भाऊबंदांपेक्षा जवळ बसू देतात. ५०० किंवा ६०० ची गरज लागते ती मुख्यतः चिखलातल्या छोट्या पाणपक्ष्यांसाठी, म्हणजे तुतवार, चिखले वगैरे. नॅशनल पार्कच्या गर्द झाडीत आणि फुलपाखरांसाठी ३०० एफ/४ फार गोड चालते, कारण ती जवळचं फोकस करते. कॅननची ईएफ ३०० एफ/४ आयएस दीड मीटरपर्यंत येते आणि निकॉनची ३०० एफ/४ पीएफ १.४ मीटरपर्यंत. नीलवंत, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, घाणेरीवर बसलं की हाच दीड मीटर कामाला येतो.

माझी बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरची आहे. तोटा होईल का?

पक्ष्यांसाठी उलट सोयच होते. वरच्याच हिशेबात ३६ च्या जागी २३.५ मिमी घाला. ४०० ला वीस मीटरवरची फ्रेम १.१८ मीटर येते आणि खंड्या पाव फ्रेम व्यापतो. कॅननचा क्रॉप सेन्सर याहून थोडा लहान असतो. किंमत मोजावी लागते ती कमी उजेडात, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवल्यावर दाणे लवकर दिसतात.

एफ/४ आणि एफ/५.६ मध्ये फक्त एका स्टॉपचा फरक, मग किमतीत आणि वजनात एवढं अंतर का?

एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश. आता फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागा. प्रकाश आत यायला किती रुंद वाट लागते ते कळेल. ४०० एफ/५.६ ला सुमारे ७१ मिमी, ६०० एफ/४ ला १५० मिमी. तेवढ्या व्यासाची, दोष नसलेली भिंगं घडवणं हेच खर्चिक काम आहे. म्हणून ६०० एफ/४ तीन किलोच्या घरात आणि दहा लाखांच्या वर जाते.

तो एक स्टॉप लागतो कधी? पहाटे, झाडीत, पावसाळ्यात. खाडीवर आठनंतर त्याची गरज पडत नाही. शिवाय मोठ्या अ‍ॅपर्चरवर फोकसची खोली फार थोडी उरते. ६०० एफ/४ ने पंधरा मीटरवरचा पक्षी टिपला तर स्पष्ट पट्टा सुमारे १५ सेंटीमीटरचा. बगळा तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर चोच आणि डोळा त्यात बसतील, शेपूट बसणार नाही. पार्श्वभूमी मात्र सायीसारखी विरघळते, यात वाद नाही.

सध्या कोणत्या लेन्सेस पाहाव्यात?

कॅनन वापरत असाल तर जुनी ईएफ ४०० एफ/५.६ अजूनही उत्तम. तिच्यात हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण नाही, पण बॉडीतच ते असलेल्या मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर, अ‍ॅडॉप्टरने लावली तर तीही उणीव बरीचशी भरून निघते. आरएफ ६०० एफ/११ ९३० ग्रॅमची आणि खिशाला परवडणारी आहे, पण अ‍ॅपर्चर ११ वरच अडकलेलं असतं. भर उन्हात ती छान चालते, झाडीत नाही.

निकॉनकडे पर्याय भरपूर आहेत. ५०० एफ/५.६ पीएफ २०१८ ची, १४६० ग्रॅम. झेड माउंटवर (माउंट म्हणजे बॉडीला लेन्स बसते तो सांधा) ४०० एफ/४.५ (२०२२), ६०० एफ/६.३ (२०२३) आणि ८०० एफ/६.३ (२०२२). यांतली ४०० एफ/४.५ माझ्या मते या शहरासाठी सगळ्यात शहाणी लेन्स आहे : सव्वा किलो वजन, अडीच मीटरपर्यंत फोकस. सोनी आणि एल माउंटसाठी सिग्माची ५०० एफ/५.६ ही २०२४ मध्ये आली आणि वजन १.४ किलोच्या आत राहिलं.

टेलिकन्व्हर्टर लावू का?

लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणारा हा जोड. १.४ पटीचा लावा, २ पटीचा नको. १.४ ने एक स्टॉप जातो, ४०० एफ/५.६ ची ५६० एफ/८ होते. मिररलेसवर फोकस नीट चालतं, जुन्या, आरशाच्या डीएसएलआरवर अनेकदा फक्त मधल्या बिंदूवर किंवा अजिबात नाही.

नवी, जुनी की भाड्याने?

आधी भाड्याने. शनिवार-रविवारसाठी ४०० आणि पुढच्या आठवड्यात ६०० घ्या, दोन्ही वेळा एकाच जागी जा. कागदावरच्या तुलनेपेक्षा या दोन सकाळी जास्त शिकवतात. अनामत आणि ओळखपत्र लागतं. लेन्स ताब्यात घेताना दुकानातच पुढचं-मागचं भिंग आणि माउंट यांचे फोटो काढून ठेवा.

जुनी घ्यायची तर फोर्टातल्या दुकानांत चक्कर मारा, पण टॉर्च जवळ असू द्या. लेन्सच्या एका टोकातून उजेड टाकून दुसऱ्या टोकातून तिरकं पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवून मिळाली तरी घेऊ नका. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. मग बॉडीला लावून रस्त्यापलीकडची पाटी आणि लगेच जवळची वस्तू असं आलटून पालटून दहा वेळा फोकस करून पाहा. घरघर ऐकू आली किंवा मोटर अडखळली, तर परत द्या.

शटर आणि आयएसओ किती ठेवू?

बसलेल्या पक्ष्याला हातातून १/८०० सेकंद, उडत्या कुरवांना १/२००० किंवा त्याहून वेगवान. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा तुमच्या बॉडीला झेपेल तेवढी. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

एक्स्पोजरकडे मात्र लक्ष हवं. काळ्या चिखलासमोर पांढरा बगळा किंवा फिकट गुलाबी रोहित असला की कॅमेरा फसतो आणि पिसं पांढरीफटक पडतात. तिथे दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. उजळ आभाळासमोरच्या कोतवालाला उलट एक स्टॉप वाढवा. लेन्सवर फोकस मर्यादेचं बटण असेल तर उडत्या पक्ष्यांसाठी ते लांबच्या टप्प्यावर ठेवा. ४०० एफ/५.६ वर तो टप्पा साडेआठ मीटरपासून पुढे असतो. फोकस एकदा सुटलं तरी ते जवळच्या टोकापर्यंत भटकून येत नाही.

ट्रायपॉड लागेल का?

दीड किलोपर्यंतच्या लेन्सला नाही. तीन किलोची असेल तर मोनोपॉड, म्हणजे एकपायी आधार. होडीत दोन्ही नको, इंजिनाची थरथर पायातून थेट लेन्समध्ये येते. कठड्यावर कोपर टेकवू नका, कोपरं पोटाशी धरा आणि गुडघे किंचित सैल ठेवा.

रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला कधी आणि कुठे जाऊ?

साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, आणि दरवेळी भरती पाहून. घड्याळाला इथे दुसरा नंबर. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि रोहित पाण्याच्या कडेकडेने लांब जातात. पाणी चढायला लागलं की कडा तुमच्याकडे सरकते आणि पक्षीही तिच्याबरोबर चरत येतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की ते उठून नेरूळच्या पाणथळींसारख्या जागी विश्रांतीला जातात. तुमच्या ४०० साठी कामाची वेळ म्हणजे चढत्या पाण्याचे मधले दोन-अडीच तास. प्राइमवाल्याला पुढे जायची गरज नसते, समुद्रच पक्षी आणून देतो.

कोळीवाड्यात आणि कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हा हिशेब ढोबळ आहे, खाडीत आत पाणी आणखी उशिरा पोचतं, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता पाहायचाच. पण आठवडाभर आधी रजा टाकताना दिनदर्शिकेवरची तिथी पुरते.

यात उजेडाची दिशा मिसळा. ठाणे खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे. ऐरोली पूर्वेच्या काठावर, तिथून सकाळी सूर्य पाठीशी असतो. शिवडी पश्चिमेच्या काठावर, तिथे सकाळी पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसतात आणि दुपारनंतर रंग फुलतो. म्हणून ऐरोलीहून पक्षी पाहायला निघणाऱ्या होडीसाठी मी दहा-अकराची भरती शोधतो, म्हणजे त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासचे दिवस. तेव्हा उधाणही जवळ असतं, पाणी चांगलं चढतं. शिवडीसाठी संध्याकाळी पाच-सहाची भरती हवी, ती सप्तमी-अष्टमीला येते. तेव्हा भांगाची भरती असल्याने पाणी कमी चढतं, पक्षी थोडे लांब राहतात. तिथे १.४ चा कन्व्हर्टर लावतो. भांडुप पंपिंग स्टेशनला रोहितांपेक्षा पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या तळ्यांसाठी आणि खारफुटीसाठी जा. शेकाट्या, खंड्या, दलदलीवर घिरट्या घालणारा ससाणा असे पक्षी तिथे मिळतात.

होडी आणखी जवळ न्यायला सांगू का?

नको. एका सकाळी आमच्या होडीतल्या एका गृहस्थांनी आग्रह करून होडी पुढे घ्यायला लावली आणि चरणारा अख्खा थवा उठला. रोहितांना उडण्याआधी पाण्यावर धावावं लागतं, त्यात बरीच ताकद जाते. चरायला मिळणारे तासही भरतीने बांधलेले. त्या सकाळी ते परत उतरले नाहीत. फोटो मिळाला असेल, पण मला आजही तो थवा आठवला की वाईट वाटतं. माना एकदम ताठ उभ्या राहिल्या आणि चरणं थांबलं, की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आहात असं समजा आणि तिथेच थांबा.

नॅशनल पार्कात किंवा आरेत बिबट्या मिळेल का?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, तिथे आणि आरेच्या बाजूला बिबटे आहेत. पण ते बहुतेक रात्री फिरतात. तुम्ही पाहिलेले सुंदर फोटो बव्हंशी झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपने, रीतसर परवानगीने काढलेले असतात. टेलिफोटो घेऊन अंधार पडल्यावर आरेत फिरणं तुमच्यासाठी आणि त्या बिबट्यासाठीही धोक्याचं आहे. कृपा करून करू नका.

उद्यानात दिवसा चितळ, माकडं, सर्पगरुड, स्वर्गीय नर्तक आहेत. फेब्रुवारीत काटेसावर फुलली की एका झाडाखाली तीन तास बसा. हळद्या, कोतवाल, भांगपाडी मैना, पोपट, तांबट आळीपाळीने येतात. ठरलेली फांदी, ठरलेलं अंतर, प्राइमसाठी याहून चांगली शाळा नाही. कान्हेरीच्या बाजूला पिशवीची चेन बंद ठेवा, माकडं डबा शोधताना लेन्स बाहेर काढतात. सोमवारी उद्यान बंद असतं.

ऊन चढल्यावर फोटो मऊ येतात. लेन्स खराब आहे का?

बहुधा नाही. चिखल, डांबर, पत्रे तापले की त्यावरची हवा थरथरते आणि लांबची लेन्स ती थरथर मोठी करून दाखवते. शंभर मीटरवर हे फार जाणवतं, पंधरा मीटरवर जवळजवळ नाही. साडेनऊनंतर लांबचे पक्षी सोडून जवळचे शोधा. हिवाळ्यातलं धुरकं हीदेखील तशीच गोष्ट, महागडी लेन्स मधली हवा पुसत नाही. एसी लावलेल्या गाडीची काच उघडून फोटो काढला तरी असंच होतं. आधी एसी बंद करा आणि थोडा वेळ थांबा.

पावसाळ्यात लेन्स कशी सांभाळू?

हा मुंबईचा खरा प्रश्न. माझी पहिली जुनी लेन्स मी कपाटात, चामड्याच्या पेटीत, कपड्यांशेजारी ठेवली होती. गणपतीत काढली तेव्हा आतल्या भिंगावर पांढरे तंतू पसरलेले होते. साफ करून घेतली, पण बुरशीने भिंगावरचा लेप खाल्ला होता आणि उजेडासमोर ती कायमची धुरकट झाली.

बुरशीला साठ-पासष्ट टक्क्यांवरची आर्द्रता आणि अंधार एवढंच पुरतं. जुलैत आपल्या घरात ऐंशीच्या वर असते. लेन्स ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर तेच घ्या. नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत तापवून पुन्हा वापरता येतं, मात्र ती कढई स्वयंपाकाला परत घेऊ नका. तांदळात लेन्स पुरू नका, पीठ आणि धूळ सांध्यांत शिरते. चामड्याची किंवा कापडी पेटी पावसाळाभर वापरू नका, ती ओल धरते.

याहून मोठं औषध म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, कोवळं ऊन आणि वारा लागू द्या. एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेऊ नका. पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर भिंगावर दव धरतं. खाडीवरून आल्यावर माउंट आणि बाहेरचा भाग किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा, खारं बाष्प धातूला सोडत नाही.

लोकलने नेता येते का?

४०० एफ/५.६ साध्या सॅकमध्ये मावते. पिशवी छातीशी धरा, पहाटेची गाडी पकडा आणि रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक पाहा. भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

परवानगी लागते का?

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात कॅमेऱ्याचं शुल्क असतं, काही वाटांसाठी वेगळी परवानगी लागते, ती प्रवेशद्वारावर विचारा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ पासून ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, म्हणजे तिथेही वनविभागाचे नियम लागू आहेत. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणंही येतं. फांदी वाकवून, पानं बाजूला करून घरट्याचा फोटो काढणं त्यातच मोडतं. मी घरट्याचे फोटो काढत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतही नाही, आणि पिंगळ्याची ढोली कुठे आहे हे कोणी विचारलं तर सांगत नाही.

लेन्स हातात आली. पहिला महिना काय करू?

लांब जाऊ नका. मासळी बाजाराजवळ सकाळी घारी उतरतात, मोठ्या, सावकाश वळणाऱ्या. रोज अर्धा तास फक्त त्यांच्यावर फोकस धरून ठेवायचा सराव करा, शटर दाबलं नाही तरी चालेल. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून घार शोधायची, मग लेन्स डोळ्याकडे आणायची, उलट नाही. त्याच आठवड्यात सोसायटीच्या आवारात दहा, वीस आणि तीस मीटरवर खुणा करून एक चहाचा कप प्रत्येक खुणेवरून टिपा आणि फ्रेममध्ये तो केवढा दिसतो ते वहीत लिहा. महिन्याअखेरीस तारेवरचा खंड्या पाहून अंतर सांगा आणि मग पावलांनी मोजा. चूक तीन मीटरच्या आत आली की ऐरोलीची होडी ठरवा.